ऑलिम्पिकपुरता हॉकीवाला आणि त्याचा कार्डांचा डबा

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

सुरुवातीलाच कबूल करतो की मी हॉकीचा पक्का चाहता नाही. चार वर्षांतून एकदा ऑलिम्पिकच्या दिवसांत भारताचा सामना असला की गजर लावून उठणारा, उपांत्य फेरीत हरलो की दिवसभर घरातल्यांवर चिडचिड करणारा आणि समारोपाचा सोहळा आटोपला की पुढच्या ऑलिम्पिकपर्यंत संघातली चार नावेही न आठवणारा असा मी प्रेक्षक आहे. तरीही माझ्या कपाटात बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात चारशेहून अधिक हॉकीची कार्डे आहेत आणि त्यांतली बहुतेक सगळी ज्या खेळाची आहेत तो खेळ मी आजवर प्रत्यक्ष पाहिलेला नाही, कारण तो बर्फावर खेळतात.

कोल्हापुरात राहून असे अर्धवट चाहतेपण मिरवणे अवघड आहे. इथे चाहता होण्याचा निर्णय सहसा आपल्याकडे नसतो. पाटाकडील की शिवाजी, प्रॅक्टिस की दिलबहार, यांतला आपला फुटबॉल संघ कोणता हे आपण कुठल्या गल्लीत वाढलो त्यावरून ठरलेले असते, आणि फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवर कोणत्या बाजूला बसायचे हे विचारावेसुद्धा लागत नाही. अशा गावात एखाद्याने ‘मला हॉकी आवडते, पण अधूनमधून’ असे म्हटले, तर समोरचा माणूस ‘म्हणजे नक्की काय, भावा?’ असे विचारतो आणि त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नसते. म्हणून हा धागा.

कार्डे कशी आली ते सांगतो. माझा मामेभाऊ कॅनडात ब्रॅम्प्टनला असतो. तिकडे टिम हॉर्टन्स नावाची कॉफीच्या दुकानांची मोठी साखळी आहे आणि २०१५ पासून दर वर्षी बर्फावरच्या हॉकीचा हंगाम सुरू होताना तिथे पेयाबरोबर थोडे जास्तीचे पैसे दिले की कार्डांचे छोटे पाकीट मिळते. भाऊ रोज सकाळी कॉफी घ्यायचा, पाकीट घ्यायचा आणि जी कार्डे दोनदा यायची ती लिफाफ्यात घालून दिवाळीच्या सुमारास मला पाठवायचा. म्हणजे माझा संग्रह मुळात त्याच्या ‘डबल’ आलेल्या कार्डांचा आहे, हेही कबूल केलेले बरे.

पहिल्या लिफाफ्यातले एक कार्ड सिडनी क्रॉस्बीचे होते. टपालात एक कोपरा दुमडलेला, पुढे काळ्या-पिवळ्या जर्सीतला ८७ क्रमांकाचा खेळाडू, आणि मागे आकड्यांची बारीक जाळी. मी व्यवसायाने कर सल्लागार आहे, त्यामुळे पुढच्या चित्रापेक्षा मागच्या रकान्यांत आधी शिरलो. जन्म ७ ऑगस्ट १९८७, म्हणून क्रमांक ८७, एवढे कळल्यावर फार बरे वाटले. सामने, गोल, गोलला केलेले साहाय्य आणि त्या दोहोंची बेरीज म्हणजे गुण, हे समजले. पण पुढे अधिक-उणे चिन्हाचा एक रकाना होता आणि त्याच्यापुढे दंडाच्या मिनिटांचा. भावाला फोन करून विचारले, तेव्हा कळले की दोन्ही संघांचे सारखेच खेळाडू बर्फावर असताना आपल्या संघाने गोल केला तर त्या वेळी बर्फावर असलेल्या प्रत्येकाच्या खात्यात एक जमा होतो आणि गोल खाल्ला तर एक वजा होतो. मग त्याने चेंडू शिवला असो वा नसो. (चेंडूही नाही, काळ्या रबराची चकती.) नियम मोडणाऱ्याला मैदानाकडेच्या एका खोक्यात दोन किंवा पाच मिनिटे बसवतात आणि ती सगळी मिनिटे वर्षानुवर्षे त्याच्या नावावर साठत जातात. एकही सामना न पाहता मी हा खेळ कार्डांच्या पाठीवरून शिकलो, असे म्हटले तर खोटे ठरणार नाही.

मग साहजिकच वाटले की आपल्या हॉकीची कार्डे कुठे मिळतील? क्रिकेटची मिळतात, परदेशी फुटबॉलची मिळतात. भारतीय हॉकी संघाचे कार्ड मात्र मला कोल्हापूरच्या एकाही दुकानात दिसले नाही. ज्या खेळात आपली ऑलिम्पिकची आठ सुवर्णपदके आहेत, त्या खेळाचे एक चित्र मुलाच्या खिशात नसावे याचे मला आश्चर्य वाटले, आणि विषय तिथेच राहिला.

जुलै २०२१ मध्ये पूर आला. ज्या आठवड्यात टोकियोचे ऑलिम्पिक सुरू झाले त्याच आठवड्यात पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेली आणि शाहूपुरीतल्या माझ्या तळमजल्यावरच्या ऑफिसात पाणी शिरले. फायली आम्ही आधी वर हलवल्या होत्या, पण खालच्या खणातला कार्डांचा डबा कुणाच्या लक्षात आला नाही. पाणी ओसरल्यावर उघडला तेव्हा गुळगुळीत कार्डे एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झालेल्या होत्या. नखाने सोडवायला गेलो तर एकाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीला लागून येत होता. शेवटी पुन्हा कोमट पाण्यात भिजवून, एक एक सोडवून, वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून वाळवली. सव्वाशे गेली, बाकीची वाकडीतिकडी का होईना पण वाचली. क्रॉस्बी वाचला, त्याच्या पाठीवर मात्र आता उलट्या अक्षरांत कुणा दुसऱ्याचेच आकडे उमटले आहेत.

हे काम चालू असतानाच ५ ऑगस्टची सकाळ उजाडली. सात वाजता जर्मनीविरुद्ध कांस्यपदकाचा सामना. आपण १-३ असे मागे पडलो, ३-३ केले, ५-३ ने पुढे गेलो आणि मग ५-४ झाले. अगदी शेवटच्या सेकंदांत जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला, आपला गोलरक्षक श्रीजेशने तो अडवला, आणि ४१ वर्षांनी हॉकीत पदक आले. त्यानंतर श्रीजेश गोलपोस्टवर चढून बसला. माझ्या हातात त्या वेळी ओले कार्ड होते. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातला गोलपोस्टवर बसलेल्या श्रीजेशचा फोटो मी कापला, घरातल्या एका जाड लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर चिकटवला, कॅनडाच्या कार्डाच्या मापाने म्हणजे अडीच बाय साडेतीन इंचांत कातरला आणि मागे शाईच्या पेनाने रकाने आखून त्या सामन्याचे गोल मिनिटांसकट लिहिले. ते माझे पहिले भारतीय हॉकीचे कार्ड. आज तशी एकोणीस आहेत.

आता अडचण सांगतो. पॅरिसला ४ ऑगस्ट २०२४ रोजी ब्रिटनविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना पाहत होतो. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले आणि उरलेला सामना दहा जणांनी खेळायचा, अशी वेळ आली. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की आजच्या सामन्याचे कार्ड भारी होणार! मी टीव्हीच्या पडद्याचा बरा फोटो मिळावा म्हणून मोबाइल शोधायला आत गेलो आणि बाविसाव्या मिनिटाचा हरमनप्रीतचा गोल माझा चुकला. पुढे तो सामना शूटआउटमध्ये ४-२ ने आपण जिंकला, पण माझे मन त्या चुकलेल्या गोलाशीच अडखळत राहिले. ज्याला सामन्यापेक्षा सामन्याच्या कार्डाची घाई होते, त्याला चाहता म्हणावे का? जाणकारांनी मोकळेपणाने लिहावे.

पेठकर

मोकळेपणाने लिहा म्हणता म्हणून लिहितो, राग मानू नये. तुम्ही चाहते नाही, संग्राहक आहात, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. चाहत्याला हरण्याचा त्रास दुसऱ्या दिवशीही सोसावा लागतो. आमच्या संघाने अंतिम सामना घालवला तर आम्हांला सकाळी दुधाच्या रांगेत समोरच्या पेठेतल्या माणसाचे तोंड पाहावे लागते. तुमच्या क्रॉस्बीचा संघ हरला हे तुम्हांला दिवाळीत कळते.

दुसरे असे की कोल्हापुरात खेळाडूंची कार्डे नाहीत हे मला मान्य नाही, ती फक्त डब्यात मावत नाहीत. खासबागेतल्या कुस्त्यांची भित्तिपत्रके आठवा. वर देवाचे नाव, खाली जोड्या, प्रत्येक पैलवानाचा लंगोटातला फोटो, तालमीचे नाव, वस्तादांचे नाव आणि इनामाची रक्कम. तुमच्या कार्डावर जे जे असते ते सगळे त्यावर असते, आणि वर प्रतिस्पर्धीही असतो. माझ्या आजोबांनी अशी पत्रके कणगीच्या मागच्या भिंतीला चिकटवली होती आणि एकावर एक चिकटवत गेल्याने तिथे बोटभर जाड थर झाला होता. घर पाडताना तो थर एका तुकड्यात निघाला. खालची कुस्ती कोणती हे पाहायला आम्ही तो पाण्यात घातला आणि लगदा झाला, त्यामुळे तुमच्या विटांचे दुःख मला समजते.

आता चौकातले डिजिटल बोर्ड आहेत, पण ते आठवड्यात उतरतात आणि पावसाळ्यात कुणाच्या तरी गोठ्यावर जातात.

बाकीशून्य

विषय चाहतेपणाचा आहे, पण मी गणित शिकवतो, त्यामुळे पाकिटांकडे वळतो. लहानपणी आम्ही ‘बिग फन’ चिंगमबरोबर येणारी क्रिकेटपटूंची चित्रे जमवत असू. त्यांवर धावा छापलेल्या असत. संच पूर्ण व्हायला एखादे चित्र हमखास कमी पडे आणि आम्ही कंपनीला शिव्या देत असू, की ते एक मुद्दाम कमी छापतात. पुढे शिकल्यावर कळले की तसा अन्याय न करताही हे घडते.

समजा ५० चित्रांचा संच आहे, सगळी चित्रे सारख्याच संख्येने छापली आहेत आणि एका गोळीत एकच चित्र निघते. तर संच पूर्ण व्हायला सरासरी २२५ गोळ्या लागतात. त्यातली गंमत अशी की पहिली २५ वेगवेगळी चित्रे सुमारे ३४ गोळ्यांत मिळतात आणि उरलेल्या २५ साठी सुमारे १९१ गोळ्या खाव्या लागतात. अगदी शेवटच्या एका चित्रासाठीच सरासरी ५०. म्हणून संग्रह करणाऱ्याला सुरुवातीला आपण भाग्यवान आहोत असे वाटते आणि शेवटी जगाने आपल्याविरुद्ध कट केला आहे असे वाटते. या दोन्ही भावना एकाच हरात्मक श्रेणीतून येतात.

यावर उपाय म्हणजे अदलाबदल. चार मुले एकत्र आली की कुणाकडचे डबल कुणाचे तरी शेवटचे ठरते. रंकाळाकाठ यांनी नीट पाहिले तर त्यांच्या मामेभावाने सगळी डबल त्यांना पाठवून स्वतःची अदलाबदल बंद केली आहे आणि संच पूर्ण करण्याचा खर्च वाढवून घेतला आहे. हा लोभ तुमच्यावरचा दिसतो, हिशोबाचा नाही.

शाळेचीआई

बाकीशून्य यांचे आकडे वाचून मला जरा धक्काच बसला, कारण हेच माझ्या घरी चालू आहे. माझा मुलगा पाचवीत आहे. त्याच्या वर्गात आयपीएलची आणि फुटबॉलची कार्डे आहेत आणि मधल्या सुट्टीत त्यांचा बाजार भरतो. चमकणाऱ्या एका कार्डासाठी त्याने साधी बारा दिली, त्या रात्री रडला आणि दुसऱ्या दिवशी तेच कार्ड दाखवत फिरला. माझा प्रश्न असा आहे की आत काय आहे हे न सांगता पाकीट विकणे हा जुगार नव्हे काय? मुलाला खेळाची आवड लागावी असे मला वाटते, पण त्याला त्या खेळाडूंपैकी निम्म्यांचा खेळ माहीत नाही, फक्त कार्डावरचे गुण माहीत आहेत. आमच्या वेळी कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डे होती, पण ती अख्खी गड्डी एकदम विकत मिळायची आणि त्यात कुणाचे नशीब नसायचे.

ओंटारिओवासी

मी मूळचा गडहिंग्लजचा. बरीच वर्षे इकडे कॅनडात आहे आणि या व्यसनातून दोनदा गेलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

शाळेचीआई यांचा प्रश्न इकडेही विचारला जातो. एनएचएल म्हणजे इकडची बर्फावरच्या हॉकीची मोठी व्यावसायिक लीग. तिची कार्डे सध्या अप्पर डेक ही कंपनी काढते आणि पाकिटावर कोणत्या प्रकारचे कार्ड सरासरी किती पाकिटांमागे एक निघेल ते छापलेले असते. नव्या खेळाडूंची ‘यंग गन्स’ नावाची कार्डे असतात आणि ती बराच काळ चार पाकिटांमागे एक अशा प्रमाणात आली आहेत. शक्यता छापली म्हणून पाकिटाची ओढ कमी होत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. फार फार तर आपण किती मूर्खपणा करतो आहोत ते नेमके कळते.

किमतींविषयी बाहेर फार गैरसमज आहेत. बर्फावरच्या हॉकीतला विख्यात खेळाडू वेन ग्रेट्झ्की याचे १९७९-८० चे ओ-पी-ची कंपनीचे पदार्पणाचे कार्ड २०२१ मध्ये ३७.५ लाख डॉलरना, म्हणजे त्या वेळच्या दराने २७ कोटी रुपयांहून अधिक किमतीला विकले गेले, ही बातमी सगळ्यांनी वाचली. ते इतके महाग का, हे थोड्यांनी वाचले. त्या कार्डाला निळी किनार आहे आणि निळ्यावर जरा घासले की पांढरे दिसते. शिवाय ओ-पी-चीची कार्डे तारेने कापली जात, त्यामुळे कडा खरबरीत निघत आणि चित्र क्वचितच मधोमध बसे. कार्डाची अवस्था तपासून एक ते दहा गुण देणाऱ्या आणि कठीण प्लास्टिकात सीलबंद करणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांतल्या सगळ्यांत नावाजलेल्या पीएसएकडून त्या कार्डाच्या अवघ्या दोन प्रतींना दहापैकी दहा मिळाले, आणि विकली गेली ती त्यांतली एक. हजारो मुलांनी तेच कार्ड रबर लावून खिशात घातले, सायकलच्या आऱ्यांत अडकवून फटफट आवाज काढला, आणि त्या सगळ्यांच्या हयगयीतून ही किंमत तयार झाली.

याउलट १९९० च्या आसपास लोकांना वाटले की कार्डे म्हणजे गुंतवणूक. कंपन्यांनी वाट्टेल तेवढी छापली, लोकांनी खोकीच्या खोकी न उघडता माळ्यावर ठेवली, आणि सगळ्यांनीच जपून ठेवल्यामुळे त्यांना आज कुणी विचारत नाही. इकडे त्या काळाला मेणकागदी रद्दीचा काळ म्हणतात, कारण पूर्वी पाकिटे मेणकागदाची असत. माझ्या तळघरात तशी तीन खोकी आहेत आणि ती दरवर्षी दान करायचे ठरवून मी पुन्हा आत ठेवतो.

रंकाळाकाठ यांना एक सुचवतो. पुराने उलटे आकडे उमटलेले ते क्रॉस्बीचे कार्ड टाकू नका. त्याला बाजारभाव शून्य आहे, पण तसे दुसरे या जगात नाही.

राईट_आऊट

मी शालेय आणि विद्यापीठ पातळीवर हॉकी खेळलो आहे, आणि हा धागा तीनदा वाचला. पहिल्यांदा राग आला, तो का आला ते सांगतो.

ऑलिम्पिकच्या पंधरा दिवसांत सारा गाव हॉकीवाला होतो आणि मग आमच्या स्थानिक स्पर्धेला मोजून चाळीस माणसे येतात, त्यांत वीस खेळाडूंचे पालक. आमचे बहुतेक सगळे खेळणे मातीवर झाले. मातीवर चेंडू कधी उडेल याचा नेम नसतो, म्हणून तो थांबवायला स्टिक आणि पाय एका रेषेत आणावे लागत. तो थांबवणे हीच अर्धी कला होती. १९७६ मध्ये माँट्रियलला ऑलिम्पिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर झाली आणि आपण सातवे आलो, त्याआधीच्या वर्षी क्वालालंपूरला आपण विश्वचषक जिंकलेला होता. मैदान बदलले की हातात मुरलेले अर्धे कौशल्य निरुपयोगी होते, हे मला पहिल्यांदा टर्फवर उतरलो तेव्हा पाच मिनिटांत कळले. चेंडू इतका सरळ आणि इतक्या वेगाने आला की मी तो अडवायला स्टिक टेकवली तोवर तो मागच्या रेषेबाहेर गेला होता.

हे सगळे कार्डाच्या मागे कुठल्या रकान्यात बसते? पासची गणती नाही, अडवलेल्या चेंडूची नाही, आणि राईट आऊटने, म्हणजे उजव्या कडेच्या आघाडीच्या खेळाडूने, कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत पंधरा वेळा धावून चौदा वेळा चेंडू मिळालाच नाही, त्याची तर नाहीच नाही. गोल करणाऱ्याचे कार्ड होते. ध्यानचंद यांचे होईल, १९५२ च्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध सहापैकी पाच गोल करणाऱ्या बलबीरसिंग यांचे होईल. त्यांना चेंडू पुरवणाऱ्याचे काय?

दुसऱ्यांदा वाचताना राग उतरला, कारण तुम्ही मागच्या बाजूपासून सुरुवात करणारे आहात. तुम्हांला तो अधिक-उणे रकाना आवडला ना? तो रकाना आमच्यासाठी आहे. चेंडूला हात न लावताही तुम्ही मैदानावर असताना काय घडले, एवढेच तो विचारतो. हॉकीच्या तुमच्या एकोणीस कार्डांवर तो घाला.

आणि एक विनंती. तुमच्या यादीत मुली किती आहेत ते तुम्ही लिहिलेले नाही. टोकियोत पदकाच्या दुसऱ्या दिवशी, ६ ऑगस्टला, आपल्या मुली ब्रिटनकडून ३-४ ने हरल्या आणि चौथ्या आल्या. त्याआधी त्यांनी ऑस्ट्रेलियाला १-० ने घरी पाठवले होते. भारताच्या संघातून खेळणारी वैष्णवी फाळके ही फलटण तालुक्यातल्या आसूची आहे. आपल्यापासून एका दुपारच्या रस्त्यावर. ब्रॅम्प्टनहून लिफाफा यायची वाट पाहण्यापेक्षा हे जवळ आहे. पुढच्या रविवारी मेजर ध्यानचंद स्टेडियमवर मुलींचा एक मैत्रीचा सामना आहे. या. चाळिसाचे एकेचाळीस होतील.

कात्रणवही

राईट_आऊट यांनी बलबीरसिंग यांचे नाव काढले म्हणून लिहिणे भाग आहे. तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके मिळवणाऱ्या या माणसाने १९८५ मध्ये आपली ३६ पदके, शंभरावर दुर्मीळ छायाचित्रे आणि मेलबर्न ऑलिम्पिकमधला कर्णधाराचा कोट एका होऊ घातलेल्या संग्रहालयासाठी सरकारी यंत्रणेच्या हवाली केला. त्या वस्तू पुढे सापडल्या नाहीत. २०२० मध्ये ते गेले, तोवर ते त्यांची विचारणा करत होते. त्यामुळे कुणी लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर श्रीजेश चिकटवून ठेवत असेल, तर मी त्याला हसणार नाही.

आपल्या हॉकीची कार्डे नाहीत हे खरे, पण टपाल तिकिटे आहेत. १९६६ च्या आशियाई स्पर्धेतल्या विजयाचे तिकीट आहे आणि ध्यानचंद यांचे १९८० चे. दोन्ही अजून फार महाग नाहीत. तिकिटाच्या मागे आकडे नसतात, डिंक असतो, एवढीच उणीव.

सावधगिरीचा एक अनुभवही सांगतो. एका संकेतस्थळावरून मी १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमधल्या भारतीय संघाचे ‘अस्सल’ सिगारेट चित्र म्हणून एक कार्ड घेतले. जर्मनीत त्या वर्षी सिगारेटच्या पाकिटांबरोबर ऑलिम्पिकची चित्रे मिळत आणि ती चिकटवायला दोन खंडांचा अल्बम असे, एवढे मला ठाऊक होते, म्हणून विश्वास ठेवला. कार्ड आले ते छान पिवळट, कडा झिजलेल्या. गुजरीतल्या ओळखीच्या सराफाकडे भिंगाखाली पाहायला घेऊन गेलो. त्याने भिंग बाजूला ठेवले आणि नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली ते धरले, तर कडांच्या आतला कागद पांढरा-निळा लख्ख उजळला. कागद शुभ्र दिसावा म्हणून घालायची रसायने दुसऱ्या महायुद्धानंतर वापरात आली, त्यामुळे १९३६ चा कागद असा उजळूच शकत नाही. पिवळेपणा चहाचा असावा. सराफ म्हणाला, ‘सोनं असतं तर घासून सांगितलं असतं, कागद उजेडातच उघडा पडतो.’ विकणाऱ्याने पैसे परत केले नाहीत. ते कार्ड मी वहीत ठेवले आहे आणि खाली ‘चहा’ असे लिहिले आहे.

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. उशिरा लिहितो आहे, कारण मधे रविवार होता.

पेठकर, तुमचे म्हणणे मी बऱ्याच अंशी मान्य करतो, पण एक सांगू द्या. टोकियोत ऑस्ट्रेलियाने आपल्याला ७-१ ने हरवले तेव्हा माझ्या ऑफिसात गाळ होता आणि तरीही मला त्या सात गोलांचे वाईट वाटले होते. त्याचे मी कार्ड केलेले नाही. आता करीन. शाळेचीआई, माझे एक मत असे की मुलाला पाकिटे घेण्याचे पैसे ठरवून द्यावेत आणि उरलेले अदलाबदलीवर सोडावे. ती बारा साधी कार्डे गेली तेव्हा त्याने जे शिकले ते त्याला शाळेने शिकवले नसते. बाकीशून्य, भावाला तुमचा हिशोब वाचून दाखवला. तो म्हणाला की त्याचा एकही संच आजवर पूर्ण झालेला नाही, आणि आता त्याला कारण कळले.

राईट_आऊट, मी आलो होतो. आपली गाठ पडली नाही, कारण तुम्ही बाकावर नव्हे तर रेषेवर उभे राहून ओरडत होता. तो तुम्हीच असणार याविषयी मला शंका नाही. मोबाइल मी गाडीच्या डिकीत ठेवला होता. एक संघ पहिल्या दहा मिनिटांतच मागे पडला आणि त्या संघाची गोलरक्षक मुलगी, तेरा-चौदा वर्षांची, अंगापेक्षा मोठे पॅड बांधलेली, प्रत्येक पेनल्टी कॉर्नरच्या आधी स्टिकने दोन्ही खांबांना एकेकदा ठोके देत होती. डावा, उजवा, मग मध्ये. मी मोजत बसलो. तिने सात अडवले आणि तीन सुटले, त्यांतला एक तिच्याच बचावपटूच्या स्टिकला लागून आत गेला. तिचा संघ हरला. बाहेर येताना तिची आई पॅडची पिशवी एका बाजूने उचलत होती आणि ती दुसऱ्या बाजूने.

घरी येऊन विसावे कार्ड केले. मागची बाजू पूर्ण आहे : तारीख, अडवलेले सात, सुटलेले तीन, त्यांतला एक स्वतःच्या बचावपटूकडून, आणि तुम्ही सांगितलेला अधिक-उणे रकाना. गोलरक्षकाला तो रकाना लावत नाहीत असे भाऊ म्हणतो, पण मी लावला. पुढची बाजू कोरी आहे, कारण फोटो नाही आणि नावही मी विचारले नाही. तिथे काय करावे?

राईट_आऊट

रेषेवरचा मीच होतो. घसा अजून बसलेला आहे.

पुढची बाजू तूर्त कोरीच ठेवा. ती मुलगी माझ्याकडे मंगळवारी आणि शुक्रवारी सरावाला येते. तिला आणि तिच्या आईला विचारतो. दोघी हो म्हणाल्या तर फोटो पॅड बांधलेला हवा की हेल्मेट काढलेला, तेवढे कळवा. आणि दोन प्रती करा, एक तिच्यासाठी लागेल.